मुखेडहून आणलेला फोटो

नवऱ्याला नाही, मुलाला नाही, नांदेडला माझी सख्खी बहीण आहे तिलाही नाही. जे आता सांगते आहे ते आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीच्या माणसासमोर हे बोलायची माझी छाती नाही, आणि आता या वयात ती होईल असंही वाटत नाही.

लोकांना माहीत आहे ती हकिकत अगदी छोटी आहे. क्लासच्या कॅमेऱ्यातलं कार्ड माझ्या हातून चुकून कोरं झालं आणि त्यात घरचा एक फोटो गेला. कामाच्या रगाड्यात होतं असं, बिचारी काय करणार. सगळ्यांनी मला बिचारी म्हटलं — आणि मी म्हणू दिलं. एवढंच असतं तर मी तुमचा वेळ कशाला घेतला असता?

थोडं मागून सांगावं लागेल. लगेच मुद्द्यावर यायला जीभ रेटत नाही, हेही एक कारण आहेच.

मी बिजवराला दिलेली मुलगी. गणपती विसर्जनाच्या रात्रीचा तो भूकंप झाला तेव्हा औसा तालुक्यातलं ह्यांचं गाव जमीनदोस्त झालं. हे प्राथमिक शाळेत शिक्षक, त्या रात्री प्रशिक्षणासाठी लातुरात होते म्हणून वाचले. सासूबाई अंगणात झोपल्या होत्या म्हणून वाचल्या. आत ह्यांची बायको होती, शालन. आणि दोन वर्षांची मुलगी, सोनी. दगडमातीच्या भिंती त्यांच्यावर आल्या. घरातलं जे काही होतं ते सगळं त्यात गेलं — लग्नाचा अल्बमसुद्धा.

त्यानंतर आमच्या भागात किती लग्नं लागली म्हणून सांगू! पत्र्याच्या शेडांपुढे मांडव पडले. बायको गमावलेल्या पुरुषांना मुली मिळत होत्या, नवरा गमावलेल्या बायकांना मात्र कुणी विचारत नव्हतं. माझे वडील नांदेडला एका कॉलेजात शिपाई, घरात आम्ही मुलीच मुली, त्यात मी रंगाने सावळी आणि दात जरा पुढे. स्थळ आलं. नोकरीचा माणूस, अंगावर मूल नाही. 'अंगावर मूल नाही' हे वडिलांनी चांगली बाजू म्हणून सांगितलं होतं, आणि मलाही तेव्हा ते चांगलंच वाटलं होतं. बघा, सुरुवात इथून आहे.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी देवघरातला चांदीचा टाक दाखवला. आमच्याकडे गेलेल्या थोरलीचा टाक करून देवात बसवतात. धाकटीने नवं लुगडं नेसण्याआधी तिला दाखवायचं, हळदीकुंकू तिला आधी लावायचं, मग स्वतःला. आणि पितृपक्षात अविधवा नवमीला तिच्या नावाने सवाष्ण जेवू घालायची. पुरण मी वाटायचं, साडी मी आणायची, बांगड्या मी भरायच्या. कुणासाठी? जिच्या जागेवर मी बसले होते तिच्यासाठी. आणि जेवून उठलेली बाई जाताना म्हणणार — शालन लई गुणाची होती हो. हे ऐकून मी मान हलवायची.

टाकावरचा चेहरा मात्र कुणाचाच नव्हता. सोनार एकाच ठशावर सगळे टाक ठोकतो, दोन डोळे आणि नाकाची रेघ. मला ते बरं वाटायचं. शालनला चेहरा नव्हता, तोवर तिच्याशी माझं जमत होतं म्हणा ना. मनात मी तिला फार देखणी करून ठेवली होती. ह्यांनी तिच्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. मला वाटायचं, बोलण्यासारखं काही उरलं नसेल. किती सोयीचं वाटणं असतं माणसाचं, नाही?

पुढे ह्यांची बदली लातूरजवळ झाली आणि आम्ही शहरात आलो. तोवर लातूर बदललं होतं. गल्लोगल्ली क्लास, चौकाचौकात गुणवंतांचे फ्लेक्स, घरोघरी भाड्याने राहणारी पोरं. आमचा अमोल दहावीत गेला तेव्हा मला एका क्लासच्या ऑफिसात काम मिळालं. प्रवेशाचे कागद बघायचे आणि नव्या पोरांचे आयकार्डासाठी फोटो काढायचे. भिंतीला निळं कापड लावलेलं, समोर स्टूल. क्लासचा चंदेरी रंगाचा डिजिटल कॅमेरा माझ्या ताब्यात. दिवसभर एकेक पोर येऊन बसणार, घाबरलेली, तेल लावून भांग पाडलेली, परभणीची, हिंगोलीची, देगलूरची. संध्याकाळी सगळे फोटो कॉम्प्युटरवर घ्यायचे, मोजून खात्री करायची, आणि कॅमेऱ्यातलं कार्ड फॉरमॅट करायचं, म्हणजे एका झटक्यात सगळं पुसून कोरं करायचं. सरांचा तो नियमच होता. आज काढलेलं उद्या कार्डावर दिसता कामा नये, नाही तर फोटो इकडचे तिकडे होतात. माझा हात इतका बसला होता की बटणाकडे न बघता मी ते करायची.

ही सवय नीट लक्षात ठेवा. माझी सगळी लबाडी तिच्याच आडून झाली.

त्या वर्षी ऐन प्रवेशाच्या दिवसांत मुखेडहून निरोप आला. शालनची आई अंथरुणाला खिळली होती आणि जावयाला बघायचं म्हणत होती. जावई म्हणजे हेच. आणि मीही — कारण आमच्यात गेलेल्या लेकीच्या जागी आलेली ती लेकच मानतात. रविवार होता. ह्यांनी मला क्लासचा कॅमेरा सोबत घ्यायला सांगितलं. सरांना विचारून मी घेतला. कशासाठी ते ह्यांनी एस.टी.त सांगितलं. म्हातारीजवळ शालनचा एक फोटो आहे, शालनच्या भावाने पहिल्यांदाच सांगितलं फोनवर. म्हातारी तो कुणाला देत नव्हती, दाखवत नव्हती. निदान त्याचा फोटो काढून घेऊ.

इतकी वर्षं एक फोटो होता तर!

म्हातारी म्हणजे नुसती कातडी उरली होती. मला बघून तिने दोन्ही हात पुढे केले, माझं तोंड चाचपलं.

"आलीस माय? लई दिसांनी आलीस. तूच माझी शालन आता, दुसरी कोन हाय मला?"

तिने सुनेकडून खण-नारळ मागवून पडल्या पडल्या माझी ओटी भरली. तांदूळ तिच्या बोटांतून सांडत होते. माझ्या मनात तेव्हा काय आलं असेल? माया नाही आली. मी शालन नाही, असं ओरडून सांगावंसं वाटलं. माझं नाव या घरात एकानेही घेतलं नव्हतं.

मग तिने उशीखालून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोटो काढला. ह्यांच्या हातात दिला, पण एक कोपरा स्वतः धरूनच ठेवला.

"बघा, फोटू काढून घ्या. पर ह्यो माझ्यासंगंच जाऊ द्या. माझ्या छातीवर ठिवा. लेकरू जाताना माझ्याजवळ नव्हतं, आता तरी असू द्या."

कॅमेरा माझ्याच सवयीचा, म्हणून तो मी धरला. हो, मीच काढला तो फोटो. दारातल्या उजेडात पाटावर ठेवून, नीट, सावली पडणार नाही अशी काळजी घेऊन. कामात मी कधी हयगय केली नाही. मग ह्यांच्या सांगण्यावरून म्हातारीचाही एक काढला, ओटी भरतानाचा.

परतीच्या गाडीत हे बोलायला लागले. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण हा माणूस एवढा सलग बोलू शकतो हे मला त्या दिवशी कळलं. हा फोटो सोनीच्या जावळाचा. मुखेडला मामाच्या मांडीवर बसवून जावळ काढलं, मग सगळे स्टुडिओत गेले. ती रडत होती, टोपडं काढून फेकत होती. फोटोवाला कसा वैतागला. शालन कशी हसत सुटली. आता मोठा करून घेऊ, बाहेरच्या खोलीत लावू, येत्या नवमीला समोर ठेवू. हे खिडकीकडे बघून बोलत होते आणि हसत होते. माझ्या मांडीवर कॅमेऱ्याची पिशवी होती. अहमदपूर येईपर्यंत मी हो-हो करत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी क्लासमध्ये जेवणाची सुट्टी होती. ऑफिसात मी एकटीच. डबा उघडला नाही, कॅमेरा उघडला.

पाठीमागच्या त्या बोटभर पडद्यावर मी तो फोटो मोठा केला. आणखी मोठा. शालन देखणी नव्हती. तुम्हाला वाटेल, मला हायसं वाटलं असेल. नाही वाटलं. साधी बाई, माझ्यासारखीच, नाक जरा बसकं. मग मी पडदा सरकवत वर गेले. मागे हे उभे होते. ह्यांचा एक हात तिच्या खांद्यावर होता आणि हे हसत होते — दात दिसतील असं, डोळे बारीक करून. आमच्या लग्नाच्या फोटोत हे तहसीलमध्ये रांगेत उभं राहावं तसे उभे आहेत. मी समजत होते, हा माणूसच तसा. हसणं त्याच्या अंगात नाही. भूकंपाने त्याचं हसू नेलं, असं लोक म्हणायचे आणि मी ते मान्य करून बसले होते. पण असं डोळ्यांसमोर कधी आलं नव्हतं की ते होतं, इतकं होतं, आणि ते मला मिळालेलं नाही. आणि आता ते भिंतीवर लागणार होतं. रोज मी त्याच्यासमोरून चहाचा कप घेऊन जाणार होते.

राग आला. दुसरा शब्द नाही. मेलेल्या बाईचा राग आला, आणि तिच्या मांडीवरच्या लेकराचाही आला — हेही सांगून टाकते, अर्धं सांगण्यात काय अर्थ आहे?

तरी डोकं ठिकाणावर होतं माझं. हे विसरू नका. नेमका तेवढाच फोटो उडवला असता तर कुणीही विचारलं असतं, बाई, हाच कसा गेला? म्हणून मी तो एकटा उडवला नाही. सकाळी काढलेले पोरांचे फोटो आधी कॉम्प्युटरवर घेतले, नेहमीसारखे मोजले. मुखेडचे तेवढे घेतले नाहीत. मग कार्ड फॉरमॅट केलं. कॅमेरा विचारतो ना, सगळं पुसू का म्हणून? त्या दिवशी मी तो प्रश्न पूर्ण वाचला. वाचून 'हो' दाबलं.

म्हातारीचा ओटी भरतानाचा फोटोही त्यातच गेला. तिने माझं काय वाकडं केलं होतं?

तुम्ही म्हणाल, झालं एका तिरमिरीत. बाईमाणूस, जीव जळला असेल. मीही स्वतःला बरेच दिवस असंच समजावलं. पण त्या घटकेला अजून काहीही कायमचं बिघडलं नव्हतं. खरा फोटो मुखेडला म्हातारीच्या उशीखाली होता. परत एकदा जाऊन काढता आला असता. 'अहो, चुकून पुसला गेला' एवढं त्याच संध्याकाळी म्हटलं असतं तर हे दुसऱ्याच दिवशी पुन्हा गाडीत बसले असते. ह्यांनी विचारलंही, कधी धुऊन आणायचा? मी म्हटलं, प्रवेशाची गर्दी आहे, जरा श्वास घेऊ द्या. आणि रोज निळ्या कापडासमोर पोरं बसवत राहिले, त्याच कार्डावर.

मग म्हातारी गेली. आठवडाही झाला नव्हता. हे सकाळीच मुखेडला निघून गेले, मला सुट्टी मिळाली नाही — खरं म्हणजे मी मागितलीच नाही. दुपारी क्लासमध्ये माझ्या मोबाइलवर फोन आला. मागे बायकांचं रडणं ऐकू येत होतं. हे हळू आवाजात बोलत होते.

"ऐक की. म्हातारीला उचलायलेत आता. तो फोटू तिच्यासंगं ठिवायचा का म्हनून शालनचा भाऊ विचारायलाय. आपल्या कॅमेऱ्यात आलाय ना नीट? बघून सांग बरं. नसंल तर मी ठिवून घेतो, म्हातारीची माफी मागतो."

कॅमेरा माझ्या दुसऱ्या हातात होता. समोर स्टुलावर एक पोरगी बसली होती, हनुवटी वर करून, मी बटण दाबायची वाट बघत.

मी म्हणाले, "आहे."

"बघितलंस ना?"

"बघितलं. आहे."

"बरं झालं बाई. मग जाऊ देतो. समाधान होईल तिचं."

बास. हेच ते. इतका वेळ ज्याच्याभोवती फिरत होते ते हे आहे. फोटो पुसला तो रागाने. पण हे 'आहे' मी रागाने म्हटलं नाही. राग तेव्हा पार उतरला होता. नाही म्हटलं तर विचारतील, कधी गेला, कसा गेला, मग इतके दिवस का बोलली नाहीस — एवढीच भीती होती. ह्यांच्या समोर पाच मिनिटं खाली मान घालून उभं राहावं लागेल, एवढीच. त्या पाच मिनिटांसाठी मी एका लेकराची या जगातली शेवटची खूण चितेवर जाऊ दिली. फोन ठेवला आणि त्या पोरीचा फोटो काढला. चांगला आला.

हे रात्री परत आले, आंघोळ केली आणि आधी कार्ड मागितलं. मी रडले. खरंच रडले, ते नाटक नव्हतं, आणि त्याचाच फायदा झाला. म्हटलं, ते कार्ड इतके दिवस बाजूला काढून ठेवलं होतं हो, दुपारी बघायला म्हणून कॅमेऱ्यात घातलं ते तसंच राहिलं, संध्याकाळी नेहमीच्या सवयीने हात गेला आणि सगळं कोरं झालं. कुणाला शंका येणार? अख्ख्या क्लासला माहीत होतं की मी रोज कार्ड कोरं करते. हे बाहेर पायरीवर जाऊन बसले. मग आत येऊन म्हणाले, जेवून घे.

एवढ्यावर सुटले असते तरी चाललं असतं. पण क्लासच्या सरांना कळलं आणि त्यांनी ह्यांना आशा लावली. पुसलेले फोटो परत काढून देणारा एक जण नांदेडला आहे. फक्त त्या कार्डावर नवीन काही काढलेलं नसलं पाहिजे, नवीन फोटो जुन्याच्या जागेवर जाऊन बसतो. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, त्यानंतर काही काढलेलं नाही. पुन्हा खोटं. रोज काढत होते मी त्याच्यावर, शेकड्यांनी. पण तसं म्हटलं असतं तर 'आहे' कसं म्हणाले होते, हे उघडं पडलं असतं.

म्हणून आम्ही नांदेडला गेलो. मला माहीत होतं काही निघणार नाही, तरी गेले, ह्यांच्या शेजारी बसून. वाटेत ह्यांनी मला भुईमुगाच्या शेंगा घेऊन दिल्या. स्टेशनजवळच्या एका अरुंद दुकानात त्या माणसाने कार्ड मशीनला लावलं आणि थोड्या वेळाने पडद्यावर बारके बारके चौकोन उमटायला लागले. निघत होतं! पुसलेलं परत येत होतं! ह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि खुर्ची पुढे ओढली.

निळं कापड. निळं कापड. निळं कापड. भांग पाडलेली पोरं, वेण्या घातलेल्या पोरी, एकामागून एक. हे प्रत्येक चौकोनावर बोट ठेवून बघत होते. दुकानदार खाली सरकवत गेला, संपतच नव्हतं. मध्येच हे जवळजवळ ओरडले — "थांबा, थांबा! ही! ही सोनी —"

दुकानदाराने तो चौकोन मोठा केला. केस काढलेली एक मुलगी होती. अकरावीची. तिरुपतीला केस देऊन मग क्लासला आलेली, अशा बऱ्याच येतात. मला ती आठवत होती, निळ्या कापडापुढे बसायला लाजत होती. हे तिच्याकडे बघत राहिले. दुकानदार बिचारा समजूत घालायला लागला.

"काका, ये सब क्लासचीच पोरं दिसायलेत. तुमचा फोटो ह्याच्याखाली दबला असंल. आता नाही निघायचा तो."

दबला. नेमका तोच शब्द आला त्याच्या तोंडात. त्याला काय माहीत होतं?

तारखा बघितल्या असत्या तर ह्यांना सगळं कळलं असतं. प्रत्येक फोटोखाली तारीख होती. मुखेडहून आल्यानंतरच्या रोजच्या तारखा, सोमवारपासून. ह्यांनी बघितल्या नाहीत. संशय घेऊन बघण्याचा ह्यांचा स्वभावच नाही. की बघितल्या आणि गप्प बसले? हा प्रश्न मी बाजूला सारत आले आहे आणि इथेही सारते.

बाहेर आल्यावर रिक्षाची वाट बघताना ह्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मला म्हणाले, "तू मनाला लावून घेऊ नको. सवयीचं काम हाय. हातानं होऊन जातंय." त्या वर्षीच्या नवमीला मुखेडच्या पाहुण्यांपुढेही त्यांनी विषय काढू दिला नाही. तिला कुणी काही बोलायचं न्हाई, म्हणाले. मी पुरण वाटलं, टाकाला कुंकू लावलं, सवाष्ण जेवली. सगळ्यांनी माझी बाजू घेतली. माझ्यासाठी इतकी माणसं एका सुरात कधी बोलली नव्हती.

आता हे निवृत्त झाले आहेत. अमोल पुण्यात असतो. सासूबाई गेल्या, शालनचा भाऊही गेला. तो फोटो पाहिलेली आम्ही दोघंच उरलो आहोत, आणि ह्यांची आठवण अलीकडे पातळ होत चालली आहे. ह्यांना सोनीचा चेहरा आठवत नाही. नाव आठवतं, रडणं आठवतं, चेहरा नाही. त्या दिवशी फोटोत पाहिलेलाही नाही — तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, म्हणतात, नीट दिसलाच नाही, वाटलं आता घरी नेऊन निवांत बघू.

म्हणून मला विचारतात. चहा घेता घेता, अगदी सहज. "फोटू तू काढलास ना गं. पोरगी हसत होती का? टोपडं होतं का डोक्यावर?"

टोपडं नव्हतं. तिच्या डाव्या हातात होतं, मुठीत चुरगळलेलं. डोकं नुकतंच भादरलेलं, कानामागे एक लहानसा कापल्याचा व्रण, त्यावर हळद. हनुवटी ह्यांच्यासारखी, मध्ये दबलेली. गालावर काजळाची तीट होती, ती पुसून तोंडाकडे ओघळली होती. एका पायात वाळा होता, दुसऱ्यात नव्हता. रडून झालेलं होतं, डोळे ओले होते, पण तोंड उघडं होतं आणि खालचे दोन दात दिसत होते. ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. मान वर करून, मागे वळून बापाकडे बघत होती. हसत होती.

सगळं आठवतं मला. मी तो फोटो मोठा करून इंच इंच बघितला होता, पुसण्याआधी. हे मी ह्यांना सांगितलं तर ह्यांच्या लक्षात येईल की घाईत काढलेला फोटो कुणी इतका पाठ करत नाही — अशी भीती वाटते, असं मी स्वतःला सांगते. पण ते खरं नाही. सांगायचं असतं तर थोडंसं सांगता आलं असतं. हसत होती, एवढं तरी. मला अजूनही तो फोटो ह्यांना द्यायचा नाही.

काल पुन्हा विचारलं. मी कप उचलले आणि म्हणाले, आठवत नाही.